वॉट पर्व्हिसचा हातोडा

शेवटचा साधा दिवस मंगळवार होता. नोव्हेंबरच्या आरंभीची हॅलोमासची जत्रा जवळ आलेली. त्या दिवसांत आमच्या बो नावाच्या गल्लीत कुणी कुणाशी बोलत नसे, सगळे ओरडत. ग्रासमार्केटपासून वर लॉनमार्केटकडे चढत जाणारी ती वाकडी गल्ली, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या कारागिरांची दुकानं, आणि जत्रेला येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला हिवाळ्यात गोठ्यासाठी कंदील हवा. पहाटेपासून हातोडे सुरू होत ते दिवे लागेपर्यंत. परगावचा माणूस कानांवर हात ठेवून पळत सुटे. आम्हाला उलट रविवारच्या शांततेत झोप लागत नसे.

त्या दिवशी बेल नावाची कोळीण पाठीवरची माशांची टोपली दुकानाच्या फळीवर टेकवून बाबांच्या तोंडासमोर उभी राहिली. बाबांशी बोलायचं तर समोरच उभं राहावं लागे. मी लहान असतानाच हातोड्यांनी त्यांचे कान गेले होते. ते ओठ वाचत.

"गिडियन हिस्लॉप, तुझा कंदील गळतो!"

"कंदील कसा गळेल? सूप घालतेस का त्यात?"

"पाऊस आत येतो म्हणते मी!"

"मग त्याला सांग, दार वाजवून येत जा."

बेल हसली, मग रागावली, मग एक हॅडॉक मासा फळीवर आपटून कंदील बदलून घेऊन गेली. मी कोपऱ्यात वाचत बसले होते. वाचनालयाचं पुस्तक दुसऱ्या दिवशी परत करायचं होतं.

"पुस्तकात कंदील कसे विकायचे ते लिहिलंय का?" बाबांनी विचारलं.

"नाही," मी नुसते ओठ हलवले. त्यांच्याशी बोलताना मी आवाज काढणं केव्हाच सोडलं होतं. त्याचा उपयोग काय?

"मग लेखकाला कळव. आणि हा मासा वर ने. वॉट आज रागात आहे, बघ." हे म्हणताना त्यांचा तळवा दुकानाच्या खांबावर होता.

आमचं घर मागून दगडी आणि पुढून लाकडी. पुढचा भाग रस्त्यावर झुकलेला, ओकच्या खांबांवर तोललेला. खाली दुकान, वर सज्जाची खोली. शेजारच्या वॉट पर्व्हिसचं घरही तसंच, आणि दोन्ही घरांची पुढची तुळई एकच. त्याने ऐरणीवर घाव घातला की आमच्या सज्जात कपबश्या किणकिणत. एका घराचं लाकूड दुसऱ्याला टेकलेलं, दुसऱ्याचं तिसऱ्याला, असं पार खालच्या वळणापर्यंत. बाबा खांबाला हात लावत आणि सांगत: वॉटने आज बादलीचा तळ घेतलाय. केर भावांचं पुन्हा भांडण झालंय, एकच हातोडा चालतोय. गल्लीतल्या लोकांना वाटे, ते गंमत करतात.

बोमध्ये एक रीत होती. कुणी मरणाला टेकलं की त्याच्या शेजारचा कारागीर आपला हातोडा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवी, दांडा रस्त्याकडे करून. तो पाहून पुढचा ठेवी, मग त्याच्या पुढचा. सगळी गल्ली थांबे. माणूस जाईपर्यंत कुणी पत्र्याला हात लावत नसे, मग जत्रा असो की काही असो. आम्ही त्याला 'शांतता देणं' म्हणत असू. दुसऱ्या गल्ल्यांतले लोकही त्याबद्दल आदराने बोलत.

माझी आई गेली तेव्हा मी उशाशी होते. ती अशक्त होती, पण वसंतात कुठल्या रंगाचा झगा शिवायचा याबद्दल बोलत होती. तेवढ्यात हातोडे थांबले. आधी जवळचे, मग लांबचे. आई म्हणाली, "अरे, कुणासाठी?" तिने खोलीतल्या एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ती दोन दिवस होती, पण एक शब्द बोलली नाही. माझ्याशीही नाही.

बुधवारी सकाळी बाबा दुकानात खाली बसले आणि त्यांना उठता येईना.

डॉक्टर जिन्यात थांबून माझ्याशी बोलले. हृदय संपत आलंय, म्हणाले. रविवार दिसेलसं वाटत नाही. दुखणार नाही फारसं. मात्र घाबरू देऊ नका, घाबरले तर लगेच जातील.

मी वर गेले. जिन्यातच चेहरा नीट केला. ओठ वाचणारा माणूस नुसते ओठ वाचत नाही.

"काय म्हणतो तो?"

"छातीत थंडी भरलीय. आठवडाभर पडून राहायचं."

"जत्रेच्या आधी? त्याला कंदील लागत नाही वाटतं."

मागच्या खोलीत झोपायला त्यांनी नकार दिला. दगडाच्या खोलीत मेल्यासारखं वाटतं, म्हणाले. मग मी आणि गल्लीतल्या पिठवाल्याने त्यांचा पलंग सज्जात आणला, लाकडी भिंतीला लावून. त्यांनी तळवा फळीवर ठेवला आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

दहाच्या सुमारास ते म्हणाले, "केर थांबले."

"जेवायला गेले असतील."

"दहा वाजता?" त्यांनी तळवा फळीवर जरा पुढे सरकवला. "त्यांच्या समोरचा म्हातारा पण थांबला."

मी पाण्याची बादली उचलली, त्यांना दिसेल अशी, आणि जिना उतरले. शेवटच्या पायऱ्या मी धावतच उतरले.

गल्लीभर बातमी पसरली होती. डॉक्टरची बग्गी कुणी पाहिली नाही असं बोमध्ये होत नसे. केरांच्या कट्ट्यावर दोन हातोडे शेजारी शेजारी ठेवलेले होते, दांडे बाहेर. थोरला केर डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभा.

"आम्हाला कळलं, ग्रिझी. फार चांगला माणूस."

"हातोडे उचला."

"काय?"

"सुरू करा. आत्ता. त्यांना कळतंय तुम्ही थांबलात ते."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकटा हळू आवाजात म्हणाला, "पोरी, तुझा बाप ठार बहिरा आहे. मी काल त्याच्या कानाशी ताट पाडलं, मान वळवली नाही त्याने."

"त्यांचा हात बहिरा नाही. फळीतून कळतं त्यांना. आईला कसं कळलं होतं आठवतंय ना? मला तसं नकोय."

"आम्ही काय जनावरं आहोत?" थोरला चिडला. "गिडियन हिस्लॉप वर शेवटचे श्वास घेतोय आणि आम्ही इथे बादल्या बडवायच्या? लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांगा, हिस्लॉपच्या पोरीने सांगितलं. तोंडाला येईल ते मला बोलू देत."

धाकट्याने हातोडा उचलला. "दादा, तसंही आपल्याला बोलतातच लोक."

"तुला बोलतात," थोरला म्हणाला. पण त्यानेही उचलला.

मी दुकानामागून दुकान गाठलं. कुणी माझ्याकडे न बघता सुरू केलं, कुणी देवाचं नाव घेऊन. एका म्हातारीने दारातून मला सांगितलं की मी पुस्तकं वाचून बिघडले. मी हो म्हटलं आणि पुढे गेले. गल्ली हळूहळू पुन्हा वाजू लागली.

फक्त वॉट पर्व्हिसचा हातोडा कट्ट्यावर होता.

वॉटकाका आत बाकावर बसले होते, मोठे हात गुडघ्यांवर ठेवून. ते चर्चमध्ये वडीलधाऱ्यांच्या बाकावर बसणारे. त्यांना खोटं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगायचे, ही बादली जरा वाकडी झालीय, दुसरी घे.

"तू कशाला आलीस ते कळलं मला," ते म्हणाले. "नाही जमणार."

"वॉटकाका, तुमचीच ऐरण त्यांना सगळ्यात जवळची. तुम्ही नसलात तर बाकीचे असून उपयोग नाही."

"माझी जेनेट गेली तेव्हा तुझ्या बापाने काय केलं माहीत आहे? जत्रेचाच आठवडा होता. त्याने पहिला हातोडा ठेवला. मग गल्लीच्या तोंडाशी उभा राहून एकेक गाडी परत फिरवली. दोन दिवस. त्या शांततेत जेनेटला कळलं, आणि आम्ही दोघं नीट बोललो. लग्न झाल्यापासून बोललो नव्हतो तेवढं." त्यांनी मान वर केली. "एवढं दिलं त्याने मला. आणि आता त्याची वेळ आली तर त्याच्या डोक्याखाली मी ठोकत बसू?"

"प्रत्येकाला तसं होत नाही."

"तुला काय माहीत, त्याला कसं होईल?"

मी म्हणाले, "मला आईचं माहीत आहे."

"दुसरं काहीही सांग, पोरी. घर विकायला सांग, विकतो." त्यांनी तोंड फिरवलं.

मी वर आले. बाबांनी तळवा न हलवता विचारलं, "वॉट कुठाय?"

"हात भाजला त्यांचा. वितळलेला डाख उडाला."

"कुठला हात?"

"डावा."

"मग उजव्याने काय करतोय? दाढी खाजवतोय?" ते हसले, आणि हसण्याने त्यांना धाप लागली. धाप थांबल्यावर म्हणाले, "त्याला पाठव वर. मला बघू दे. मागच्या वेळी भाजला तेव्हा लोणी चोपडलं होतं गाढवाने."

"झोपलेत ते. संध्याकाळी बोलावते."

दुपारी कॅननगेटहून मेरियनआत्या आली. बाबांची थोरली बहीण, काळा झगा आधीच घालून. मी तिला जिन्यातच अडवलं.

"त्याला सांगितलंस?"

"नाही. सांगणारही नाही."

"वेडी आहेस का? जाणाऱ्याला जातोय हे कळायला हवं. देवासमोर उभं राहायचंय त्याला. तयारी नको?"

"रोज सकाळी प्रार्थना म्हणतात ते. तयारीच आहे."

"ते तू ठरवणार?"

"हो, आत्या."

"तुझ्या आजोबांना मी स्वतः सांगितलं होतं, माझ्या तोंडाने. सोपं नव्हतं. पण ते माणूस म्हणून गेले, फसवलेलं पोर म्हणून नाही. सर, मी सांगते त्याला."

तिने मला बाजूला केलं. माझ्यापेक्षा ती दुप्पट रुंद. मी तिच्या मागे आत शिरले तेव्हा ती पलंगाशी उभी होती आणि बाबा तिचं तोंड निरखत होते.

"मेरियन, हा काय चेहरा? कोण मेलं?"

आत्याचे ओठ उघडले, मिटले. खाली केरांचे दोन हातोडे एकमेकांवर कुरघोडी करत होते. तिने गालावर हात ठेवला.

"दात," ती म्हणाली.

"काढून टाक. आणि काढणाऱ्याला सांग, जीभ पण थोडी कमी कर."

आत्या बाहेर आली आणि शालीचा बोळा तोंडात धरून पायरीवर बसली. तिथूनच म्हणाली, "नाही जमलं गं मला." मग माझ्याकडे न बघता, "त्याला चेहरा दाखवून कसं राहतेस तू?"

मी कशी राहत होते ते सांगण्यासारखं नव्हतं. मला एक वाक्य म्हणायचं होतं. साधंच, जगात कुणीही आपल्या माणसाला अशा वेळी म्हणतं तसं. ते म्हटलं असतं की त्यांना सगळं कळलं असतं. ते ओठांवर आलं की मी खिडकीकडे वळायचे, किंवा चुलीत कोळसे घालायचे. त्या दिवसांत आमच्याकडे कधी नव्हे एवढी ऊब होती. पुस्तकांत मरणाऱ्यांच्या उशाशी लोक लांबलचक बोलतात. मी त्यांना बादलीच्या कडीबद्दल सांगत होते, बेलच्या माशाबद्दल.

गुरुवारी उजाडल्यावर त्यांचे ओठ निळसर दिसत होते. मी लापशीचा चमचा पुढे केला, तो त्यांनी हाताने सारला.

"काल वॉट आला नाही."

"येतील आज."

"जेनेट गेली ती वेळ सोडली तर अख्ख्या आयुष्यात हा माणूस जत्रेच्या आठवड्यात दोन दिवस बसलेला नाही. काहीतरी झालंय. कुणी सांगत नाहीये मला." त्यांची नजर माझ्या तोंडावरून हलेना. "ग्रिझी, काय झालंय?"

"काही नाही, बाबा."

"मग मीच जाऊन बघतो." आणि त्यांनी पांघरूण फेकून एक पाय जमिनीवर टाकला.

मी आणि आत्याने मिळून त्यांना धरलं. त्यांच्या मानेची शीर नुसती फडफडत होती. "आणते, बाबा, आत्ता आणते," मी म्हणत होते. माझं तोंड त्यांच्या खांद्याशी होतं, म्हणजे त्यांना दिसत नव्हतं, तरी म्हणत होते. मग समोर आले आणि पुन्हा म्हटलं. ते आडवे झाले.

वॉटकाकांना मी बाहीला धरून जिन्यापर्यंत ओढलं. एक फडकं बरोबर नेलं होतं, हाताला बांधायला. त्यांनी ते घेतलं नाही.

"मी खोटं बोलणार नाही, ग्रिझी. आधीच सांगून ठेवतो."

"बोलू नका. पण ते जिना उतरायला निघालेत. उतरले तर वाटेतच संपतील. नुसते येऊन उभे राहा."

ते आले. तुळईला डोकं लागू नये म्हणून वाकून पलंगाशी उभे राहिले. बाबांनी विचारलं, "हात?"

वॉटकाकांनी डावा हात पुढे केला. धडधाकट, स्वच्छ हात. बाबांनी तो उलटून पाहिला, पालटून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

वॉटकाका मात्र हाताकडे बघतच नव्हते. ते बाबांच्या दुसऱ्या हाताकडे बघत होते, फळीवर पसरलेल्या. बोटं अगदी हलकी, तंतुवाद्यावर ठेवल्यासारखी. खालून थोरल्या केरने ठोका चुकवला, आणि त्याच क्षणी बाबांच्या भुवया उंचावल्या.

"थोरल्याने पत्रा वाया घालवला," ते स्वतःशीच म्हणाले.

गल्लीतून केरची शिवी ऐकू आली. बाबांना ती ऐकू येणं शक्यच नव्हतं.

वॉटकाकांनी आपला हात मागे घेतला. मग बाबांना दिसेल असं तोंड करून सावकाश म्हणाले, "बरा झाला हात."

"एका रात्रीत?"

"लोणी लावलं."

बाबा हसले. "गाढवा," ते म्हणाले. त्या एका शब्दात काय काय होतं ते मी लिहू शकत नाही.

जिन्यात वॉटकाका भिंतीला टेकून उभे राहिले. मोठा माणूस, पण चेहरा राखेसारखा झालेला. "ठोकतो," ते म्हणाले. "पण एक सांगतो. गिडियन जात असताना मी विकायचा माल करणार नाही. त्याच्या मरणावर एक पेनी कमावणार नाही. नुसती ऐरण ठोकीन. आवाजाला आवाज."

मी त्यांचे हात धरले. मला तेवढं पुरेसं वाटलं. पत्र्याच्या कारागिराची मुलगी म्हणून त्यातली अडचण मला कळायला हवी होती, पण त्या वेळी मी फक्त धावत वर गेले.

वॉटकाकांचा हातोडा सुरू झाला. कपबश्या किणकिणल्या. बाबांनी डोळे मिटले, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा मला वाटलं की त्यांना झोप लागेल. आत्याने माझ्याकडे पाहून मान हलवली.

मग बाबांच्या कपाळावर आठी आली.

त्यांनी तळवा उचलला, पुसला, पुन्हा ठेवला. दुसऱ्या फळीवर ठेवून पाहिला. डोळे उघडले.

"रिकामी आहे."

"काय?"

"ऐरण. खाली पत्रा नाहीये. लोखंडावर लोखंड मारतोय तो."

खालून घाव येत राहिले, एकेक, वेळेवर, रिकामे. आत्या चुलीशी पाठमोरी उभी राहिली आणि तशीच थिजली. बाबा माझ्याकडे बघत होते. ते जोडत होते: केर थांबले आणि पुन्हा सुरू झाले, हात न भाजताच भाजला, आणि आता हे. त्यांची बुद्धी शेवटपर्यंत शाबूत होती. मी पलंगाची कड धरली.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले.

मी त्यांचं पांघरूण सरळ केलं.

"आणि मला सांगितलं नाहीस."

"बाबा..."

"तो सांगू नको म्हणाला असेल. लाजला असेल बिचारा." त्यांनी मोठा श्वास घेतला, तो अर्ध्यातच तुटला. "जत्रेच्या तोंडावर पत्रा घ्यायला पैसे नाहीत माणसाकडे. गल्लीला कळू नये म्हणून रिकामी ऐरण बडवतोय! आणि हात भाजला म्हणे. तू त्याला झाकत होतीस होय?"

मी होय म्हटलं.

"चांगलं केलंस. पण बापाला सांगायचं." ते बराच वेळ श्वास गोळा करत राहिले. "मागच्या खोलीत आपला नवा पत्रा आहे. अर्धा त्याला दे. काही बोलू नकोस, नुसता दुकानात ठेवून ये. जेनेट गेल्यापासून त्याचं कुणी बघत नाही. माझ्या लक्षात यायला हवं होतं."

मी पत्रे कापडात गुंडाळून खाली नेले. वॉटकाकांच्या दुकानात मागची भिंत नव्या पत्र्याने कमरेपर्यंत भरलेली होती. उन्हाळ्यातच त्यांनी सगळा माल भरून ठेवला होता. मी माझं ओझं बाकावर ठेवलं.

"हे काय?"

"बाबांनी पाठवलंय. ऐरण रिकामी आहे हे कळलं त्यांना. त्यांना वाटतंय तुमच्याकडे पैसे नाहीत."

वॉटकाकांनी स्वतःच्या भरलेल्या भिंतीकडे पाहिलं. त्यांच्या तोंडून हसू फुटलं, मोठं, पोटातून, आणि मध्येच त्याचं दुसरंच काहीतरी झालं. त्यांनी पाठ फिरवली. मी त्यांच्या रुंद पाठीकडे बघत उभी राहिले. सगळी गल्ली वाजत होती.

"त्याचा पत्रा," ते शेवटी म्हणाले. "त्याच्या घरचा पत्रा मी कापू? आज?"

"ते वर हात लावून वाट बघतायत, वॉटकाका."

त्यांनी बाहीने तोंड पुसलं, कात्री घेतली आणि वरचा पत्रा ऐरणीजवळ ओढला.

मी खोलीत पोचले त्याच वेळी पहिला घाव पडला. मलासुद्धा फरक कळला. आवाज खाली बसलेला, भरलेला. बाबांच्या बोटांनी तो घेतला.

"हं," ते म्हणाले. "आता लागला." आणि आत्याकडे वळून, "दात कसा आहे?"

"बराय," आत्या म्हणाली.

शुक्रवारभर हातोडे चालले. कुणी जेवायला थांबलं नाही. केरांतला एक भाऊ खाई तेव्हा दुसरा ठोकी. बाबा जागे असले की मला सांगत, वॉट काय करतोय: कंदिलाची पाठ झाली, आता झाकण. मी ओठांनी म्हणे, हो का? ते म्हणत, हळूहळू करतोय, पण छान करतोय. मग झोपत. त्यांना भीती वाटली नाही. एकदाही नाही. तेवढं मी खात्रीने सांगू शकते.

शनिवारी सकाळी मी त्यांच्याजवळ बसले होते. आत्या पाणी आणायला गेली होती. त्यांचे डोळे अर्धे मिटलेले, तळवा फळीवर. तो वॉटकाकांच्या प्रत्येक घावासरशी थरथरत होता, बोटांच्या टोकांपर्यंत. मी त्यांना सांगत होते की पुढच्या आठवड्यात दुकानाचा कट्टा रंगवू. हिरवा की तपकिरी, विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. मी थांबले. हात थरथरत होता, म्हणून मला वाटलं, ऐकतायत. मी पुन्हा विचारलं. मग त्यांच्या तोंडाजवळ गाल नेला.

ते केव्हा गेले ते मला माहीत नाही. हातात हलत होता तो वॉट पर्व्हिसचा हातोडा होता.

मी तो हात फळीवरून उचलून त्यांच्या छातीवर ठेवला. तिथे तो हलला नाही.

आत्या आली, तिने पाहिलं, बादली खाली ठेवली. मरणाच्या घरी झाकतात तसा ती आरसा झाकायला निघाली तेव्हा मी तिला म्हटलं, थांब, आधी खाली जाऊन येते.

गल्लीत इतका आवाज होता की ओरडूनही उपयोग नव्हता. मला ओरडायचंही नव्हतं. मी वॉटकाकांच्या दारात नुसती उभी राहिले. त्यांनी हातोडा उचललेला होता. मला पाहून तो तसाच वर राहिला, मग सावकाश खाली आला, ऐरणीवर नाही, खिडकीच्या कट्ट्यावर, दांडा रस्त्याकडे. समोरच्याने तो पाहिला आणि आपला ठेवला. मग त्याच्या पुढच्याने. धाकट्या केरने थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला. वळणापलीकडे एक हातोडा थोडा वेळ चालू राहिला, कुणीतरी तिकडे धावलं, आणि तोही थांबला.

मी जिना चढले. खोलीत चुलीतला कोळसा तडकलेला ऐकू आला. खाली ग्रासमार्केटमध्ये एक घोडा खिंकाळला. आत्या हळू आवाजात रडत होती. तीन दिवसांत मी तिचं रडणं पाहिलं होतं, ऐकलं आता. तिने मला जागा करून दिली आणि ती बाहेर गेली.

मी बाबांच्या समोर बसले, त्यांना माझं तोंड दिसेल अशी, आणि आवाज काढून म्हटलं, "जाऊ नका, बाबा. मला सोडून जाऊ नका."